हनीफभाईंनी न लावलेले दिवे

फोनवर नाव आलं, ‘हनीफ लाइट’. मी ओट्याशी होते. हात पदराला पुसले, गॅस बारीक केला आणि फोन मुद्दाम चार-पाच वेळा वाजू दिला. आठ महिन्यांत ज्याला आपली आठवण झाली नाही त्याने थोडं ताटकळावं, एवढाच माझा हेतू. उचलला तोही रागातच. म्हटलं, “झाली का आठवण?” पलीकडून त्यांच्या मुलीचा, शबानाचा आवाज आला. लहानपणापासून ती मला आत्या म्हणते. “आत्या, मी बोलतेय. पहाटे अब्बा वारले.” मी म्हणाले, “बरं, मी जरा वेळाने फोन करते,” आणि ठेवून दिला. चहा गाळला, कपात ओतला, कप घेऊन मागच्या दारापर्यंत गेले, तशीच परत आले... आणि मग ती काय म्हणाली ते डोक्यात शिरलं.

मांजरी गावातल्या माझ्या घरून भवानी पेठेत त्यांच्याकडे पोचेपर्यंत पुरुषमंडळी माती देऊन परतलीसुद्धा होती. हनीफभाई रात्री नीट जेवले, झोपले आणि पहाटे नमाजाला उठले नाहीत, एवढंच झालं होतं. जैनबभाभी, म्हणजे त्यांची बायको, आतल्या खोलीत बायकांच्यात बसल्या होत्या. मला बघून नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, “आलात? बसा.” मी बसले. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती अशा ठिकाणी विचारण्यासारखी नव्हती. त्या दिवशी मी काही न विचारताच घरी आले.

या पुरवणीसाठी त्यांच्यावर चार शब्द लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. मला बागा लावता येतात, लेख लावता येत नाहीत. शिवाय ज्या माणसाबद्दल लिहायचं तो माझ्यावर रागावला होता की मी त्याच्यावर, हेच मला धड ठाऊक नव्हतं. आता महिना उलटून गेलाय, थोडं ठाऊक झालंय, आणि त्याने गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय. तरी लिहिते.

हनीफभाई बागेतले दिवे लावायचे. घरातलं वायरिंग त्यांना येत होतं, पण ते काम त्यांनी फार लवकर सोडलं. माझी लोणी काळभोरच्या अलीकडे रोपवाटिका, सासरच्या शेतात काढलेली. रोपं विकता विकता लोक म्हणायला लागले, ताई, तुम्हीच लावून द्या ना, आणि तशी मी बागा करायला लागले. आमची पहिली गाठ कात्रजच्या बाजूला एका बंगल्यावर पडली. मालकांनी माझ्या नव्या हिरवळीच्या दोन्ही टोकांना दोन मोठे हॅलोजन उभे केले होते. त्यांच्या धगीने जवळची जास्वंद करपली होती आणि मी तावातावाने भांडायला गेले होते. तिथे एक सडपातळ माणूस फ्यूज बदलत होता. त्याने माझं सगळं भांडण ऐकून घेतलं, मग मालकांना अगदी नम्रपणे विचारलं, “साहेब, आपल्याला चोर पकडायचाय की बाग बघायचीय?” मालकांना राग आला. मला हसू आलं. आठ दिवसांनी त्याच मालकांनी त्याच माणसाला बोलावून हॅलोजन काढायला लावले, आणि त्यानंतर मी जिथे बाग केली तिथे दिवे हनीफभाईंचे, हे ठरूनच गेलं. असं सव्वीस वर्षं चाललं.

त्यांची पद्धत लोकांच्या पटकन लक्षात यायची नाही. नवीन बंगल्यावर गेलं की मालक त्यांना फाटकाशी घेऊन जायचे आणि हात पसरून सांगायचे, इथून सगळं झगमगलं पाहिजे. हनीफभाई ऐकून घ्यायचे आणि घरातल्या बाईंना विचारायचे, तुम्ही तिन्हीसांजेला कुठे असता? बाई गोंधळायच्या. कुठे असणार, स्वयंपाकघरात. मग हे चपला काढून स्वयंपाकघरात जायचे, ओट्याशी उभं राहून खिडकीतून बाहेर बघायचे आणि तिथून बाग ठरवायचे. फाटकातून बाग पाहुणे बघतात, पाच मिनिटं. ओट्यापाशी उभी असलेली बाई रोज बघते, वर्षानुवर्षं. मला ही गोष्ट इतकी साधी आणि इतकी बरोबर वाटली, की माझी झाडंसुद्धा मी त्यानंतर ओट्यावरून बघूनच लावायला लागले. त्यांचे बाकीचे नियमही असेच होते. उजेड दिसावा, दिवा दिसू नये. दिवा गुडघ्याच्या वर नको, कारण उजेड पायाखाली हवा, डोळ्यात नको. पिवळा हवा. पांढऱ्या उजेडाला ते दवाखान्याचा उजेड म्हणायचे. झाडाच्या बुंध्याशी दिवा लावून वर फेकायची फॅशन आली तेव्हा गिऱ्हाइकाने फारच धरलं तर एखाद्या झाडाला ते तसं करून द्यायचे, पण उरलेली बाग काळोखात राहील हे बघायचे. सगळंच उजळलं तर बघायचं काय, असं त्यांचं म्हणणं.

आणि घाई अजिबात करायचे नाहीत. आधी लोखंडी काट्यांवर बसवलेले तात्पुरते दिवे आणायचे, लांब वायर जमिनीवर तशीच सोडायचे आणि घरच्यांना सांगायचे, आठ दिवस राहा यांच्यासोबत. दर संध्याकाळी येऊन एखादा दिवा हातभर इकडे, एखादा वीतभर तिकडे सरकवायचे. आठ दिवसांनी कोणाची तक्रार नाही असं झालं, की मगच खणायला हात लावायचे. केबल पाइपातून, पाइपावर विटांचा थर, म्हणजे पुढे माळ्याची कुदळ लागली तर आधी विटेला लागेल. जमिनीखाली जॉइंट नावालाही नाही.

याच सबुरीने आमची एकदा भरपूर शोभा झाली. सहकारनगरात एका काकूंची बाग होती. काम आम्हा दोघांकडे सोपवून त्या आपल्या मुलीकडे बाहेरगावी गेल्या. मी म्हटलं, हनीफभाईंचे दिवे नक्की झाले की मग झाडं जमिनीत लावू, म्हणजे सावल्या नीट पडतील. म्हणून मी सगळी झाडं कुंड्यांतच मांडून ठेवली. हनीफभाईंनी विचार केला, ताईंची झाडं जमिनीत गेली की मग दिवे पक्के करू. त्यांनी सगळे दिवे काट्यांवरच ठेवले. मी जायचे, दिवे अजून हलते आहेत बघून एखादी कुंडी सरकवून परत यायचे. ते जायचे, कुंड्या हललेल्या बघून एखादा दिवा सरकवायचे. रोज कुठे ना कुठे भेटत होतो, चहा पीत होतो, पण ‘तुमचं कधी होणार’ असं समोरच्याला विचारणं म्हणजे घाई करणं, म्हणून दोघंही गप्प. असे तीन महिने गेले. काकू परत आल्या तेव्हा बागेत एकही झाड जमिनीत नव्हतं आणि एकही दिवा पक्का नव्हता. त्यांनी आम्हा दोघांना ओटीवर उभं केलं आणि म्हणाल्या, “बाग करायला दिली होती. आपण इथे बुद्धिबळ मांडलंय का?” हनीफभाई मान खाली घालून म्हणाले, “काकू, आता ताईंची चाल आहे.” त्या दिवशी काकूसुद्धा हसल्या, आणि आम्ही दोन दिवसांत सगळं पक्कं केलं.

बाकी खरं काम दिवे लावून झाल्यावर सुरू होतं, असं ते म्हणायचे, आणि ते फक्त म्हणण्यापुरतं नव्हतं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या आधी, ते त्यांनी दिवे लावलेल्या घरांची फेरी करायचे. कोणी बोलावलेलं असो नसो. प्रत्येक दिवा उघडायचा, आतल्या मेलेल्या मुंग्या, पाल असेल तर पाल झटकायची, रबरी रिंग चिरली असेल तर बदलायची, तिच्यावर ग्रीस फिरवायचं म्हणजे पाणी आत जात नाही. बोअरच्या पाण्याचे काचेवर पांढरे डाग पडतात, ते लिंबाच्या फोडीने घासायचे. झाड वाढून दिव्यावर आलेलं असलं तर झाड न कापता दिवा मागे घ्यायचा. या फेरीत त्यांना घरोघरी चहा मिळायचा, लोक त्यांना आपली दुखणी-खुपणी सांगायचे, मुलांची लग्नं सांगायचे. एकदा मी म्हटलं, तुम्ही फुकट कशाला फिरता, लोकांना गरज असेल तर बोलावतील. ते म्हणाले, “लावायला सगळे येतात ताई. पुसायला कोण येतं?” यात तक्रार नव्हती. मला वाटतं त्यांना ते आवडायचंच.

आता माझ्या घराचं सांगते, कारण सगळा गुंता तिथेच आहे.

मांजरीत आमचं घर आहे, मागे थोडी जागा आहे. पुढच्या बाजूला रस्ता आला, दुकानं आली, पण मागची जागा मी सोडली नाही. तिथे माझी स्वतःची बाग आहे: दोन चाफे, एक बकुळ, कडेने सोनटक्का, आणि गिऱ्हाइकांनी नको म्हणून परत केलेली सगळी वाकडी-तिकडी झाडं. मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. एवढ्या बागेत एकही दिवा नव्हता. लोकांच्या बागा उजळायच्या आणि स्वतःच्या घरी आधी बॅटरीच्या, मग मोबाइलच्या उजेडात चपला शोधायच्या, असं सव्वीस वर्षं. सुरुवातीला वेळ नव्हता. मग माझे यजमान गेले. कंपनीतून निवृत्त होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. त्यानंतर सहा-सात महिन्यांनी मी हनीफभाईंना म्हटलं, आता माझ्या मागच्या बागेत दिवे लावा. ते म्हणाले, “बघू.” मला वाटलं कामाच्या गडबडीत असतील. पुढच्या वर्षी परत म्हटलं. परत “बघू.” हा माणूस गिऱ्हाइकाला कधी बघू म्हणायचा नाही. जमत असेल तर हो म्हणायचा, नसेल तर तोंडावर नाही म्हणायचा. मलाच ‘बघू’ का, हे मला समजेना. एकदा तर मी चिडून म्हटलं, काय, माझी बाग तुमच्या तोलामोलाची नाही का? ते नुसते हसले आणि त्यांनी विषय दुसऱ्या बागेवर नेला.

मग माझे गुडघे गेले. रोपवाटिका पुतण्याने घेतली. तो कामाचा आहे, पण तो बिल्डरांना रोपं पुरवतो, बागा करत नाही. म्हणजे माझं आणि हनीफभाईंचं एकत्र काम संपलं. आधी आठवड्यातून दोनदा तरी कुठल्या ना कुठल्या बंगल्यावर भेट व्हायची. आता ईदला शबाना शीरखुर्मा घेऊन यायची, दिवाळीला मी फराळ पाठवायचे, आणि मध्ये कधीतरी फोन. मी घरी. संध्याकाळ फार मोठी व्हायला लागली. त्या वर्षी मी तिसऱ्यांदा म्हटलं, हनीफभाई, आता तरी दिवे लावा. या वेळी मी खरंच मनापासून म्हटलं होतं, चेष्टेत नाही. ते म्हणाले, “बघू, ताई.” मी फोन ठेवला आणि खरं सांगते, मला रडू आलं. एवढ्याशा गोष्टीवर रडू यावं याचीही लाज वाटली.

माझा मुलगा संदीप हिंजवडीला असतो, कामाला आणि राहायलाही. त्याला मी दिव्यांचं गाऱ्हाणं सांगितलं असावं, कारण पुढच्याच आठवड्यात घरी खोका आला. सौरदिवे, बारा नग. वायर नाही, खड्डा नाही, जमिनीत काटा खुपसायचा आणि विसरायचं. संदीप म्हणाला, “आई, सिम्पल आहे ग. कशाला कोणाची वाट बघतेस?” त्याने तासाभरात बारा दिवे एका ओळीत ठोकले, शाळेतल्या कवायतीला पोरं उभी करतात तसे. उजेड पांढरा. अंधार पडला की आपोआप लागायचे. मी चार लोकांना कौतुकाने सांगितलं. हनीफभाईंनाही फोन केला आणि जरा खवचटपणेच सांगितलं, लागले हो आमच्याकडे दिवे. पुण्यात राहून एवढं तर येणारच.

दोन दिवसांनी ते आले. संध्याकाळची वेळ, उजेड नुकताच उतरत होता. मागच्या दारापाशी उभे राहिले, दिवे लागेपर्यंत थांबले. एकेक दिवा लागत गेला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काहीतरी बोलतील, दवाखाना म्हणतील, ओळ मोडायला सांगतील, मग मी भांडेन, मग सगळं ठीक होईल. ते काहीच बोलले नाहीत. चहा घेतला, संदीपची चौकशी केली. निघताना वाकले, कडेच्या एका दिव्याच्या काळ्या काचेवर माती उडाली होती ती खिशातल्या रुमालाने पुसली, आणि म्हणाले, “येतो ताई. सांभाळून.” मला तो टोमणा वाटला. माणसाच्या तोंडावर त्याचा दिवा पुसायचा म्हणजे काय? मी म्हटलं, या. फाटकापर्यंत गेलेसुद्धा नाही.

त्यानंतर आठ महिने त्यांचा फोन नाही. मीही केला नाही. दिवाळीला फराळ पाठवला तो पुतण्याच्या हाती. मला वाटायचं, रुसले. बाजारातून आणलेले दिवे लावले म्हणून रुसले. स्वतः लावणार नाहीत आणि दुसऱ्याने लावले की रुसणार, ही कुठली रीत? असं मी मनातल्या मनात त्यांच्याशी रोज भांडत होते. भांडण तयार ठेवलं होतं, ते भेटले की काढणार होते. आणि मग तो फोन.

पाचव्या आठवड्यात मी परत भवानी पेठेत गेले. दुपारची वेळ होती, घरात जैनबभाभी आणि शबाना दोघीच. शबानाने चहा केला. इकडचं तिकडचं झालं. आणि माझ्याने राहवेना. मी विचारलं, “भाभी, हनीफभाई माझ्यावर कशाने नाराज होते?” भाभींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी भलतंच काही बोलले. म्हणाल्या, नाराज? तुमच्यावर? त्यांना तर वाटायचं, तुम्हीच त्यांच्यावर नाराज आहात. मी म्हटलं, मग दिवे का नाही लावले? सव्वीस वर्षं माझ्यासोबत काम केलं, माझ्याच घरी का नाही?

मग भाभींनी सांगितलं ते मी त्यांच्याच क्रमाने सांगते. माझे यजमान गेल्यानंतर काही महिन्यांनी हनीफभाई एका संध्याकाळी कुठल्याशा कामाचं विचारायला माझ्या घरी आले होते. पुढे कोणी दिसलं नाही म्हणून बाजूच्या बोळातून मागे गेले. मी मागच्या पायरीवर बसले होते, अंधारात. त्यांची चाहूल मला लागली नाही. ते जरा वेळ उभे राहिले आणि हाक न मारता परत फिरले. घरी येऊन भाभींना म्हणाले होते, “ताई बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी बसलेलं बघितलं नव्हतं. तिथे दिवा लावला तर त्यांना गवत दिसेल, आणि त्या उठून कामाला लागतील.”

तेवढ्यासाठी ते माझ्याकडे दिवे लावत नव्हते. मी मागितले तरी, बाई मनाविरुद्ध मागते आहे, लोकांच्या घरी आहेत म्हणून मागते आहे, असं त्यांनी धरलं. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगितलं तर तुम्हाला चोरून बघितलं हे सांगावं लागेल. म्हणून ‘बघू’. आणि सौरदिवे बघून त्या संध्याकाळी घरी गेले ते फार उतरलेल्या तोंडाने गेले. भाभींना म्हणाले, ताईंना खरंच उजेड हवा होता. मी एवढी वर्षं त्यांना उगाच अंधारात ठेवलं. आता कुठल्या तोंडाने जाऊ? भाभी म्हणाल्या, जा की, ताई आहेत त्या. ते म्हणाले, “बघू.”

मी रिक्षात बसून घरी आले तेव्हा मला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. अजून कळत नाही. आधी मला रागच आला. विचारायचं ना! मी अंधारात बसत होते कारण दिवा नव्हता. दिवा नव्हता कारण मी अंधारात बसत होते. हा कुठला शहाणपणा? लोकांच्या ओट्याशी जाऊन बाईला विचारणारा माणूस, मला एकदा विचारायला काय झालं होतं? आणि मीही कमी नाही. सगळ्या गावाला सुनावणारी मी, मलाही एकदा नीट विचारता आलं नाही की हनीफभाई, काय झालं? टोमणा तेवढा मारता आला.

पण राग उतरल्यावर दुसरीच पंचाईत झाली. मी आठवून बघितलं, सौरदिवे लागल्यापासून मी त्या पायरीवर किती वेळा बसले? एकदाही नाही. बसायला जाते, पांढऱ्या उजेडात चाफ्याखाली गवत दिसतं, सोनटक्क्याची पिवळी पडलेली पानं दिसतात, आणि मी उठते. गुडघे दुखत असले तरी उठते. खुरपं घेते, दोन चार तण काढते, कंबर धरून आत जाते आणि टीव्ही लावते. म्हणजे त्यांचं अगदी बरोबर होतं. माझ्याबद्दल मला माहीत नव्हतं ते त्यांना एका नजरेत कळलं होतं, त्या बोळाच्या तोंडाशी, मी पाठमोरी असताना. आणि तरी ते चुकले, हेही मला तितकंच खरं वाटतं. दोन्ही कसं खरं असेल, हे मला उलगडत नाही. संदीपला सांगितलं तर तो म्हणाला, “आई, तू ओव्हरथिंक करतेस.” असेल.

परवा संध्याकाळी मी ते बाराही दिवे उपटले. पुसले, खोक्यात घातले आणि पुतण्याला दिले, रोपवाटिकेच्या वाटेवर लाव म्हणून. मग मागच्या पायरीवर येऊन बसले. हळूहळू काळोख झाला. चाफा दिसेनासा झाला, गवत दिसेनासं झालं. पलीकडच्या इमारतीतल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. पहिल्यांदा हात चुळबुळत राहिले, मग तेही थांबले. खूप वेळ बसले. फार बरं वाटलं, हे मान्य करायला हवं.

बरं वाटत असतानाच मला कळलं की मी इतकी वर्षं त्यांच्याकडे काय मागत होते. मला उजेड कधीच नको होता. ज्या घरी त्यांचे दिवे होते, तिथे ते पावसाळ्याच्या आधी यायचे, दिवाळीच्या आधी यायचे, दिवे पुसायचे, चहा घ्यायचे, घटकाभर बसून बोलायचे. त्यांनी दिवे लावलेलं अनोळखी घरही त्यांच्या फेरीत होतं. फक्त माझं नव्हतं, कारण माझ्याकडे त्यांना पुसायला काही नव्हतं. काम संपल्यावर मला तेवढंच हवं होतं, वर्षातून दोनदा. मी दिवे मागितले, त्यांनी माझा अंधार राखला, आणि एक साधं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही: हनीफभाई, दिव्यांचं राहू द्या, तुम्ही येत जा.